थोरलीचा प्लॉट

धाकटी नगरपालिकेत ट्रेसर होती. नकाशे काढणं आणि उतरवणं हे तिचं काम. वय चाळिशीला टेकलेलं, कानाजवळ चार रुपेरी केस, पण गल्लीत सगळ्यांच्या तोंडी ती धाकटीच. थोरली बहीण जाऊन दोन उन्हाळे झाले, तरी हिचं नाव काही बदललं नाही.

गल्लीखाली जुनी खाण आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पायाखालचं रोज कोण आठवत बसतं? एका दुपारी मधलंच एक घर खचलं, थोरलीचं. धाकटी कचेरीत होती, थोरलीचे यजमान दाजी त्यांच्या घड्याळांच्या दुकानात. थोरली घरात जरा पाठ टेकून पडली होती. आजूबाजूच्या घरांना साधा तडाही गेला नाही, पण ती सगळी रिकामी करून घेतली. माणसं पत्र्याच्या खोल्यांत गेली आणि त्यांच्यासाठी टेकाडावर नवी वस्ती ठरली. त्या वस्तीच्या नकाशाचं काम धाकटीच्या टेबलावर आलं.

"जमेल ना तुम्हाला?" साहेबांनी खालमानेने विचारलं.

"जमेल," ती म्हणाली.

तिने रस्ते सरळ काढले. सारख्या मापाचे चौकोन आखले आणि प्रत्येकाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडली. जुन्या गल्लीत घराला घर चिकटलेलं. या घरात फोडणी पडली की त्या घरात शिंक यायची. नकाशा खोल्यांसमोर लावल्यावर लोकांचे चेहरे पडले. रेडिओवाले काका पुढे झाले. त्यांनी जन्मात रेडिओ दुरुस्त केला नव्हता. बातम्या पसरवण्यावरून ते नाव पडलं होतं. "एवढं अंतर?" ते म्हणाले. "म्हणजे आता चहाड्या करायला मला चालत जावं लागणार."

सगळे हसले. दाजी तेवढे हसले नाहीत.

ज्याने त्याने टेकाडावर येऊन आपला प्लॉट निवडायचा असं ठरलं. दाजी म्हणाले, "मला घर नको. एकट्या जिवाला पत्र्याची खोली पुरे."

"खोल्या पाडणार आहेत, दाजी."

"पाडू दे. दुकानात झोपेन."

धाकटीने स्वतःसाठी मनाशी एक जागा धरून ठेवली होती. अगदी वरच्या कोपऱ्यातली, जिथून गल्ली दिसत नाही.

निवडीच्या दिवशी टेकाडावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. माणसं हिंडली, पायांनी मापं घेतली, वाऱ्याचा अंदाज घेतला, आणि शेवटी ज्याच्या त्याच्या चौकोनात जाऊन उभी राहिली. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण गल्लीत होती त्याच क्रमाने. रेडिओवाले आणि शिलाईवाल्या काकू यांच्यामध्ये मात्र एक चौकोन रिकामा राहिला. उशिरा आलेल्यांनी तो पाहिला आणि ते वळसा घालून पुढे गेले.

धाकटी त्या चौकोनात कोपऱ्याची हललेली खुंटी ठोकत बसली होती. तेवढ्यात काकू आपल्या चौकोनात दार कुठे येईल ते बघता बघता सवयीने वळल्या आणि म्हणाल्या, "आहेस का गं घरात?"

"आहे की. या ना."

तोंडातून निघालं तेव्हा धाकटीला कळलं, आवाज तिचा नव्हता. 'ना'वरचा तो हेल थोरलीचा. आजूबाजूच्या चौकोनांतली माणसं तिच्याकडे वळली. रस्त्याच्या कडेला दाजींनी चष्मा काढला आणि तसाच हातात धरून ठेवला.

संध्याकाळी ते तिच्या खोलीच्या दारात आले. "मी प्लॉट घेतो," ते म्हणाले. "तोच."

धाकटीला हायसं वाटलं. पण ते पुढे म्हणाले, "दोघांच्या नावावर लाव. तू तिथंच राहा. काही करू नकोस गं. नुसतं आतून बोलत राहिलीस तरी..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. शेजारच्या खोलीतून काकूंनी ते करून टाकलं. "चांगलंच होईल की. आम्हालाही शेजार भरल्यासारखा वाटेल."

रेडिओवाल्यांमुळे बातमी सगळीकडे झाली. नळावर कुणीतरी तिला थोरलीच्या नावाने हाक मारली आणि जीभ चावली. पुढच्या खेपेला चावली नाही. बोट दिलं तर हात धरतात म्हणे. इथं धरणारे जिवंत होते आणि हात गेलेलीचा मागत होते. धाकटीने खोलीत बोलणंच सोडलं. मानेने हो, हाताने नको. एकदा पदर खोचताना तिचा हात मध्येच थांबला. असा डावीकडे ती कधी खोचत नसे.

मग मात्र ती घाबरली.

नावं पक्की करायच्या दिवशी सकाळीच ती दाजींना घेऊन टेकाडावर गेली.

"हा तुमचा प्लॉट, दाजी. तुमच्या एकट्याच्या नावावर. माझा तो वरचा, कोपऱ्यातला."

"एवढा लांब?"

"हाक ऐकू येईल इतकाच."

"कुणाची हाक?" त्यांनी विचारलं.

"माझी," ती म्हणाली. आवाज पुन्हा तसाच निघाला. तिने तो बदलायचा प्रयत्न केला नाही. "ताईसारखी वाटते, त्याला माझा इलाज नाही. पण हाक मारणारी मी असेन."

दाजींनी पायाजवळच्या फक्कीच्या रेघेकडे पाहिलं. "काकूंना काय सांगू?"

"सांगा, शेजारी तुम्ही आहात."

रेघ पुसली जाऊ नये म्हणून त्यांनी पाय उंच उचलला आणि आत जाऊन उभे राहिले, परक्या घरी पाहुणा उभा राहतो तसे. धाकटी टेकाड चढू लागली. मागून त्यांनी घसा खाकरला. हाक येईल म्हणून ती क्षणभर थांबली. कोणत्या नावाने मारावी ते त्यांना ठरवता आलं नसावं.

ती वळली नाही. कोपऱ्यातल्या चौकोनाशी पोचली, तोवर खालून काहीच ऐकू आलं नव्हतं.