हेडमास्तरांना तेल लावणारे आबा गवंडी

बाजारचौकातून जाताना आबा गवंडी पायातल्या चपला काढत. समोर देऊळ नव्हतं, हेडमास्तरांचा संगमरवरी पुतळा होता. गावात पहिली शाळा काढणाऱ्या या मास्तरांनी लहानपणी चिरे वाहणाऱ्या आबांना हाताला धरून वर्गात बसवलं होतं. पुढे त्यांच्या पुतळ्याचा चौथरा आबांनीच बांधला.

पुतळा धुण्याचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. तरी दर सोमवारी बादली घेऊन हजर. मी त्यांचा शेजारी, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. मला नावाने हाक मारतील तर शपथ!

"काय रे बीये, मास्तरांच्या पायां पडलंस?"

एका वर्षी पुतळा पिवळा पडला. तो गोदामात टाकून फायबरचा नवा बसवायचं नगरपंचायतीच्या कचेरीत ठरलं. आबांना जेवण जाईना. त्यांच्या वतीने मी झोकदार अर्ज लिहिला : खाऱ्या हवेने दगड पिवळा पडला आहे, वगैरे. आबांनी तो सावकाश वाचला आणि परत दिला.

"खोटा कित्याक लिवलंस? तेल मी लायलंय."

गावच्या पाषाणाच्या देवाला लावतात तसं खोबरेल ते धुऊन झाल्यावर मास्तरांना चोळत. "देवाक चलता, मगे मास्तरांक कित्याक नको?" काळा दगड तेलाने उजळतो, संगमरवर तेल पिऊन पिवळा होतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या साहेबांसमोर त्यांनी हेच सांगितलं. कचेरी हसली.

"हसा. पण मास्तरांक अडगळीत टाकू नकात. चूक माझी आसा, तेंची नाय."

साहेबांनी पुतळा उजळायला दोन महिने दिले. मी एका मूर्तिकाराला गाठून विचारलं, तेव्हा कळलं की मुलतानी मातीचा लेप तेल ओढून घेतो. आबा रोज लेप लावत, वाळला की अलगद काढत. मास्तर उजळले. साहेबांनी येऊन पाहिलं आणि फायबरचा बेत रद्द केला. उजव्या खांद्यावर मात्र तळहाताएवढा डाग उरला होता. मी म्हटलं, अजून एक लेप देऊ.

"डाग ऱ्हवांदे. उद्या कोणी तेल घेवन इलो, तर तेका दाखवूक व्हयो."

आबा गेले, त्यानंतर मास्तरांच्या पहिल्याच जयंतीला एक म्हातारी तेलाची वाटी घेऊन आली. मी तिला तो खांदा दाखवला, आणि आबांचं नाव सांगितलं.