शिपाई : झिपरू

तोताराम गुरुजींनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. गावात कुणालाही विचारा, देवमाणूस म्हणतील. खुद्द गुरुजींना मात्र हे ऐकवत नसे. "सोडा हो," म्हणून ते विषयच बदलायचे. कारण एकच, झिपरू.

सदुसष्ट सालची गोष्ट. जवळच्या धरणगावात इंग्रजांच्या काळी भिल्ल पलटण होती. भिल्लांच्याच हाती बंदुका देऊन त्यांना डोंगरातल्या भाऊबंदांवर सोडलेलं. गुरुजींच्या डोक्यात आलं, हे नुसतं पुस्तकातनं कशाला, शाळेच्या पटांगणातच दाखवू! इकडे कवायत, तिकडे शिपायांच्या झोपड्या, जात्यावर बसलेल्या बायका, चुलीवर भाकरी. झालं, फळ्यावर नावं लागली. सुभेदार अमका, नाईक तमका. आणि अगदी खाली, 'शिपाई : झिपरू'.

झिपरू हा शाळेचा शिपाई, भिलाटीत म्हणजे भिल्लांच्या वस्तीत राहणारा. घंटा द्यायची, पाणी भरायचं, ही त्याची कामं. त्या दिवशी खुर्च्या त्यानं मांडायच्या, म्हणून गुरुजींनी नाव लिहिलेलं. झिपरूला वाचता कुठं येतं? चौथीतल्या लेकीनं वाचून दाखवलं. आता गंमत अशी, की झिपरूचा पणजोबा खरोखरच त्या पलटणीत होता! गडी हरखून गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी तो आला तो तांबडा फेटा बांधून, छातीवर पणजोबाचा पितळी बिल्ला लावून. सोबत बायको ताईबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून. शिपायाच्या बायकोनं जात्यावर बसायचं होतं ना! झिपरू थेट कवायतीच्या रांगेत जाऊन ताठ उभा राहिला.

गुरुजींना हसू आवरेना. पाहुण्यांदेखत म्हणाले, "अरे येड्या, तू शाळेचा शिपाई! जा, खुर्च्या मांड." अख्खं पटांगण खो खो हसलं. बरं, एवढ्यावर तरी थांबावं की नाही माणसानं? छे! "बिल्ला झकास आहे रे, तेवढा देऊन जा," म्हणाले आणि तो पाटलाच्या पोराच्या छातीवर लावला. झिपरूनं गुमान खुर्च्या मांडल्या. ताईबाई फाटकाबाहेर जाऊन बसली.

कार्यक्रम संपल्यावर पाटलाच्या पोराकडनं बिल्ला मागून घेऊन गुरुजी घरी गेले. काय केलं हे मी, एवढंच मनात. दुसऱ्या दिवशी सकाळीच बिल्ला घेऊन ते भिलाटीत गेले. झिपरूनं खाट टाकली, ताईबाईनं पाणी दिलं. त्या पाण्यानं गुरुजींना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झिपरू, चुकलो रे मी. चारचौघांत तुझं हसं केलं."

झिपरू जमिनीकडं बघत म्हणाला, "गुरुजी, बठ्ठं गाव हासनं, त्यानं माले काई वाटनं नही." मग त्याचा आवाज बारीक झाला. "मनी पोरबी हासनी."

गुरुजींनी ते पाहिलं होतं. झिपरूची लेक आधी गोंधळली होती. मग तिनं गुरुजींच्या तोंडाकडं बघितलं, आणि ते हसतायत म्हणून तीही हसली होती.