कानसेनांनी निवडलेले ट्रान्झिस्टर

गल्लीत त्यांना सगळे कानसेन म्हणत, आणि हा माणूस ते नाव मिरवायचाही. रेडिओ दुरुस्तीचा धंदा बसला तसे त्यांनी जुन्या धाटणीचे प्रीअँप हातानं बांधायला घेतले. माइकमधून किंवा टेपवरून येणारा बारीक आवाज मोठा करायचा, पण त्यात स्वतःची खरखर मिसळायची नाही, एवढंच त्या डब्याचं काम. सांगायला सोपं, करताना घाम फुटतो. पहिल्याच ट्रान्झिस्टरनं सूं केलं, की पुढचे सगळे तेच सूं इमानेइतबारे वाढवत नेतात.

बरं, ट्रान्झिस्टर एकाच नंबरचे, एकाच पिशवीतले. पण सख्ख्या भावांसारखे, एकाचा स्वभाव दुसऱ्यात नाही. कानसेन पंखा बंद करत, शटर अर्धं ओढत, एकेक ट्रान्झिस्टर सॉकेटात खोचत आणि हेडफोन चढवून डोळे मिटत. फुसफुसला की पत्र्याच्या डब्यात, गप्प राहिला की दांडी तुटलेल्या कपात. मूठभर तपासावेत तेव्हा कुठे एखादा कपात पडे. खरखर मोजायचं मीटर फळीवर धूळ खात होतं. कुणी तिकडे बोट दाखवलं की ते म्हणत, "त्याला काय कळतंय? त्याला कान आहेत का?"

घरी मात्र बायकोशी रोज ऐकू येण्यावरूनच वाजे.

"जरा मोठ्यानं बोल की," ते म्हणत.

"आता काय ओरडू?" ती म्हणे, आणि ओरडेही.

पुढे तिचा घसा खरंच बसला. औषधं झाली, तपासण्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

लेक परगावाहून धावत आली. आल्या आल्या तिनं फोन काढला. "आई, बोल काहीतरी. मी रेकॉर्ड करून ठेवते."

कानसेनांनी तिचा हातच धरला. "त्या डबड्यात तुझ्या आईचा आवाज? मी करतो. शेजारी बसून बोलतेय असं वाटलं पाहिजे."

"बाबा, राहू दे ना, दोन्ही करू."

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"करू दे गं त्यांना," आई बारीक आवाजात लेकीला म्हणाली. "तेवढंच येतं त्यांना." लेक हसली आणि तिनं फोन पर्समध्ये टाकला.

बायकोचा आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता, म्हणजे प्रीअँपही तितकाच शांत हवा. कानसेन दुकानात पिशवी उघडून बसले, आणि नवलच झालं. पहिला गप्प, दुसरा गप्प, तिसराही गप्प. डब्यात टाकायला माल मिळेना आणि कप भरून वाहायला लागला. असा माल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तो कप घेऊन ते पोरासारखे घरी धावले आणि बायकोसमोर धरून म्हणाले, "बघ, तुझ्या आवाजाचं नशीब!" तिला ट्रान्झिस्टरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तिनं कौतुकानं कपात डोकावलं.

त्या कपातल्या ट्रान्झिस्टरांचा प्रीअँप बांधून झाला आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी खिडक्यांना गोधड्या टांगून रेकॉर्डिंग झालं. ती टेप संपेपर्यंत बोलली. लेक लहानपणी कशी हट्टी होती, कपाटाची दुसरी किल्ली कुठे असते, मी दवाखान्यात असताना पांढरे कपडे वेगळे धुवा. कानसेन हेडफोन लावून टेपरेकॉर्डरच्या सुईकडे बघत होते. बरंचसं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, पण ते त्यांनी तिच्या घशावर ढकललं. सुई हलतेय म्हणजे आवाज उतरतोय, हा त्यांचा हिशेब. मधेच ती काही विचारी, तेव्हा ते मान डोलावत.

ऑपरेशन नीट झालं. ती घरी आली, गळ्याला पट्टी, डोळे तेवढे बोलके. कानसेनांनी दोघींना समोर बसवलं आणि ऐटीत टेप लावली.

लेकीच्या कपाळाला आठी पडली. "बाबा, हे सूं कसलं?"

"कसलं सूं?"

"अहो, नळ सोडल्यासारखं येतंय सगळं. आई काय बोलतेय तेच कळत नाही."

ते स्पीकरला कान लावून बसले. त्यांना काहीच सापडेना. मग ते उठले, दुकानात गेले आणि त्यांनी फळीवरचं मीटर काढून पुसलं. कपातला पहिला ट्रान्झिस्टर लावला, काटा पार टोकाला गेला. दुसरा लावला, तेच. कपातला बहुतेक माल पत्र्याच्या डब्यात जायच्या लायकीचा होता. ट्रान्झिस्टर गप्प नव्हते, त्यांचे कान गेले होते. ते तिथेच जमिनीवर बसले.

लेक टेप घेऊन एका स्टुडिओत जाऊन आली. तिथला माणूस भला होता, त्यानं दिवसभर खटपट केली. पण आईचा आवाजच नुसत्या श्वासासारखा उरलेला. खरखर काढायला जावं तर तिच्याबरोबर आईही पुसली जात होती.

हे ऐकून कानसेनांनी लेकीच्या हातून टेप काढून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे हिचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, ते घशामुळे नव्हतं?"

"घसा तर आता आता बसला, बाबा. त्याआधी आईचा आवाज मला पलीकडच्या खोलीतून ऐकू यायचा."

ते बायकोकडे वळले. "अगं, मग मला सांगायचं नाही का? एकदा तरी?"

तिनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"सांगितलं होतं तिनं," लेक म्हणाली. तिलाही आता राहवेना. "माझ्यासमोर सांगितलं होतं, कान दाखवून या म्हणून. तुम्ही हो हो म्हणालात आणि परत हेडफोन चढवलात."

आईनं लेकीचा दंड दाबला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. कानसेन ओंजळीत तोंड लपवून रडायला लागले. बायकोही रडत होती, पण ते कळायला त्यांना मान वर करून तिच्याकडे बघावं लागलं.