साडूंचा पूर्ण कॉम्प्युटर

आमच्या थोरल्या साडूंइतका अर्धेपणाचा वैरी उभ्या खानदेशात सापडायचा नाही. जळगावच्या मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, हा माणूस मनगटापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून भाजी आणायला जातो. टपरीवर कोणी अर्धा चहा पुढे केला तर ते कपाकडे अशा नजरेने बघतात, की चहावालाच ओशाळून कप भरतो. एकदा मित्राच्या शेतात भरिताचा बेत होता, तर हे घरून कढई, झारा, पोळपाट, लाटणं सगळं घेऊन हजर. पुऱ्या तिथे तयार मिळणार आहेत असं सांगितल्यावर म्हणाले, "मिळतील हो. पण लाटणं असावं."

ठिबक सिंचनाच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर शेतांचे नकाशे काढले. विहिरीपासून पाणी कसं न्यायचं, मोठा पाइप कुठून गाडायचा, नळ्या कुठे पसरायच्या, हे सगळं कॉम्प्युटरवर. निवृत्तीला सहकाऱ्यांनी टॅबलेट भेट दिला. दुसऱ्या कोणी त्यावर नातवंडांचे फोटो बघितले असते. साडूंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, "हे हॉटेल आहे, साडूभाऊ. ते वाढतील तेच खायचं. मला माझी चूल पाहिजे." चूल म्हणजे डेस्कटॉपची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यावर नकाशाचा तो प्रोग्राम. कारखान्यातली खुर्ची गेली होती. आता बांधावर बसून नकाशा काढता आला, तर आपण अजून कामाचे आहोत, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तोंडाने ते कधी बोलले नाहीत, पण आम्हा सगळ्यांना कळत होतं.

अख्खा उन्हाळा ती चूल त्या टॅबलेटवर मांडण्यात गेला. तो तापायचा, म्हणून घरातल्या एकुलत्या कूलरचं तोंड त्याच्याकडे. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या अक्का, शिरपूरकडच्या. "त्याले गरम व्हस, आमले काय नही व्हस?" असं म्हणत पदराने वारा घेत बसायच्या. कूलरनेही भागेना तेव्हा साडू टॅबलेट माठाला टेकवून ठेवू लागले, आणि घरात पाणी प्यायचं तर त्यांना विचारावं लागू लागलं. शेवटी सिस्टिम चालली. अक्षरं मुंगीएवढी दिसायची, म्हणून डाव्या हातात भिंग आणि उजव्या हातात माउस. एखादी खिडकी उघडायला सांगून चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे ती उघडायची. "पण पूर्ण आहे," ते म्हणायचे.

त्याच सुमारास त्यांच्या रावेरच्या धाकट्या भावाने केळीसाठी नवं शेत तयार केलं. "नकाशा मी काढतो. तोवर फावडं लावू नको," साडूंनी फोनवर बजावलं. तो "हो भाऊ" म्हणाला. थोरल्या भावाला नाही म्हणायची त्यांच्याकडे रीत नाही. साडूंची सिस्टिम नीट व्हायला आणखी काही आठवडे गेले, मग आम्ही माझ्या गाडीतून निघालो. शेतावर पोचल्यावर भावाने मला पाणी द्यायच्या निमित्ताने बाजूला घेतलं. "भाऊले सांगू नका. केळीची लागण थांबत नाही ना. दुकानदाराने मोबाइलवर नकाशा करून दिला, पाइप कधीच गाडून झाला." भाऊंना वाईट वाटू नये म्हणून त्याने चर बुजवून माती सपाट केली होती, नळ्यांची वेटोळी झोपडीमागे लपवली होती आणि वर आलेल्या व्हॉल्व्हवर पोतं टाकलं होतं.

साडू आधी शेतभर फिरून आले. एका जागी थांबले, भुसभुशीत माती पायाने जराशी दाबली. मग पोत्याकडे पाहिलं आणि सातपुड्याकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. परत येऊन निंबाखाली बाजेवर बसले, कीबोर्ड मांडला, माउससाठी ताट पालथं घातलं, टॅबलेटवर छत्री धरायला मला सांगितलं. ऊन उतरेपर्यंत नकाशा काढला, एकेका नळीसकट. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण मोठ्या पाइपची रेघ त्या भुसभुशीत मातीवरूनच गेली होती, एवढं मी पाहिलं.

भाऊ वाकून बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "भाऊ, मी पाइपलाइन अशीच टाकतो," तो म्हणाला.

"टाक," साडू म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते चालू टॅबलेट मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "कोपऱ्यात व्हॉल्व्हवर पोतं होतं. बघितलंत का तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

"मीही नाही बघितलं."

मला फार वाईट वाटलं. जन्मभर एक काम मन लावून करावं, आणि ते आपल्यावाचून झालेलं आपल्यापासूनच लपवायची वेळ जिवाभावाच्या माणसांवर यावी. साडूंनी टॅबलेट बंद करायला घेतला. असली सिस्टिम बंदही सावकाश होते. सावदा गेलं, फैजपूर गेलं, तरी तिचा उजेड त्यांच्या मांडीवर तसाच होता, आणि ते हात न लावता त्याच्याकडे बघत बसले होते.