लीलाबाईंनी जागा सोडली नाही

लीलाबाई गेल्याचं मला रेल्वेच्या मालधक्क्यावर कळलं. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या दोघीजणी कामावरून तशाच उठून मला शोधत आल्या होत्या. केसांत कापसाचे तंतू अडकलेले. त्यांतली एक म्हणाली, "पेटीवाले भाऊ, आमची लीलाबाई गेली." आमची... त्या दोघी आमच्या चर्चच्या नव्हत्या, तरी शब्द तोच आला. या गोष्टीला आता दीड महिना होईल. तेव्हापासून भेटणारा जो तो मला एकच सांगतो, की तिकडे वर लीलाबाईंना त्यांचा गळा परत मिळाला असेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून मी मान हलवतो. पण मला ते पटत नाही, आणि हे लिहायला बसलो तो त्यासाठीच.

मी मूळचा नगरकडचा. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास रेल्वेतली बदली होऊन वर्ध्याला आलो आणि पेटी वाजवता येते एवढ्या भांडवलावर इथल्या चर्चमध्ये साथीला बसू लागलो. चर्च लहान, माणसं प्रेमळ, पण गाणं अगदी मरगळलेलं. थोरात मास्तर नावाचे निवृत्त शिक्षक पुढे उभे राहून गाणी सांगायचे. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळात त्यांचा शब्द शेवटचा असे. ते एकेक ओळ इतकी लांबवत की पेटीच्या भात्यातली हवा संपे, ओळ संपत नसे. लोक पुस्तकात डोकं घालून ओठ हलवत आणि वाट पाहत. मग एका रविवारी मास्तर तापानं घरी राहिले आणि पुढे कोणी उभं राहायचं यावर कुजबूज सुरू झाली. तेवढ्यात मधल्या बाकावरून पस्तिशीतली एक सावळी, उंच बाई उठली आणि कोणी बोलावलेलं नसताना सरळ पुढे येऊन उभी राहिली. हीच लीलाबाई. जिनिंगमध्ये कामाला, तिथल्या यंत्रांवरून हाका मारून तयार झालेला आवाज होता तो. तिनं पहिली ओळ उचलली तशी खिडकीतली कबुतरं उडाली. मी सवयीनं सावकाश वाजवत होतो. कडवं संपल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, बैल गाळात फसल्यावानी काऊन वाजवून राह्यले? देवाच्या घरी आलो नं आपण, मयतीत नाई."

तो रविवार आणि पुढची दहा-अकरा वर्षं... मास्तरांना ती जागा परत मिळाली नाही. लीलाबाई एका ठिकाणी उभ्या राहून गात नसत. टाळी देत बाकांमधून फिरत, मागे लपून बसलेल्यांना दंडाला धरून पुढे आणत. दुपारच्या सुट्टीत जिनिंगच्या आवारात नवी गाणी घोळवत, त्यामुळे तिथल्या बायकांनाही ती पाठ झाली. कापूस निवडताना त्या एकत्र गात, कोणाचा देव कोणता हे कोणी विचारत नसे. नाताळात आमची टोळी गल्लीगल्लीतून निघे तेव्हा लोक भाकरी तव्यावर टाकून दारात येत. मास्तरांना हे सगळं खुपत होतं. एकदा भर सभेत ते म्हणाले की हे ख्रिस्तमंदिर आहे, तमाशाचा फड नव्हे. लीलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, "मास्तर, देवाले झोप लागली असंल तं मले सांगा. मी हळू गाईन." पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. सभा तिथेच संपली.

मग त्यांचा घसा बसू लागला. आधी कापसाची धूळ म्हणून गूळ-हळद झाली, मग नागपूरच्या डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं, घशाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. उरला तो नुसता श्वासाचा खरखरता स्पर्श, कान जवळ नेला तरच कळणारा. पंचांनी त्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, दोन शब्द. एका परीनं तो निरोपच होता. मी निरोप्या म्हणून त्यांच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर बसल्या होत्या, गळ्याला पट्टी. माझं बोलणं ऐकून त्यांनी मला जवळ वाकायला लावलं आणि म्हणाल्या, "शाल नका आणू. गळा गेला, मी नाई गेली." जरा थांबून, श्वास गोळा करून पुढे म्हणाल्या, "राग येते भाऊ. लई येते. पण रागानं टाळी जोरात बसते."

पुढच्या रविवारी त्या आल्या आणि नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. मी सूर धरला. त्यांनी हात उचलला... आणि कोणीच गायलं नाही. सगळे त्यांच्या गळ्याच्या पट्टीकडे पाहत होते. इतकी वर्षं पहिली ओळ त्यांची असे आणि आम्ही मागून जात असू. आता पहिली ओळ कोणाची हेच कळेना. मास्तर उठू लागले. लीलाबाईंनी त्यांना हातानंच बसवलं. मग स्वतःच्या पट्टीवर बोट ठेवलं, तेच बोट आमच्याकडे दाखवलं, आणि पाय आपटून ताल दिला. एकदा, पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा कोणीतरी रडक्या आवाजात सुरुवात केली आणि बघता बघता सगळं चर्च गाऊ लागलं. मी पेटीवर बसून तेव्हा पहिल्यांदा आमच्या लोकांचे आवाज ऐकले. आजवर ते लीलाबाईंच्या आवाजाखाली झाकून गेले होते. त्यानंतर चार-पाच वर्षं, दुखणं उलटेपर्यंत, त्यांनी असंच गाणं चालवलं. हातांनी, पायांनी, डोळे वटारून. म्हणून म्हणतो, त्यांना वर गळा परत कशाला हवा? त्यांचं सर्वांत मोठं गाणं गळ्याशिवायचंच होतं.

अंत्यविधीला जिनिंगच्या बायका कामाची एक पाळी सोडून आल्या. त्यांची तेवढी मजुरी बुडाली असेल. गेल्या पंधरवड्यात पंचमंडळाची बैठक झाली. थोरात मास्तर आता थकलेत, काठीशिवाय उठत नाहीत. त्यांनीच सुचवलं की लीलाबाईंची जागा कायमची रिकामी ठेवावी, तिथे त्यांचा फोटो आणि फुलदाणी असावी. मनापासून बोलत होते, डोळे भरले होते त्यांचे. सगळ्यांनी होकार दिला. मी एकटा नाही म्हणालो. म्हटलं, मास्तर, ज्या बाईनं आवाज गेल्यावरही ती जागा सोडली नाही, तिच्या नावानं आपण ती ओस पाडायची? बराच वाद झाला. निकाल काहीच लागला नाही, तरी कोणीतरी त्या जागी फुलदाणी आणून ठेवलीच.

पुढच्या रविवारी लवकर जाऊन मी ती फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली. लोक आले. पुढे कोणी येईना. मी सूर धरून बसलो, आणि धरूनच बसलो... शेवटी पोस्टमनची बायको कुसुम उठली. एकटीनं कधी ओळ न म्हटलेली बाई. पदर घट्ट धरून पुढे आली आणि घाबरून भलत्याच उंच पट्टीत सुरुवात केली. मी पट्टी बदलली, तिच्या मागे गेलो. मास्तर खाली पाहत होते. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवरून टाळी सुरू झाली. कुसुमनं बावरून माझ्याकडे पाहिलं, आवरू का, असं डोळ्यांनी विचारलं.

मी भाता आणखी जोरात मारला.