वकऱ्याच्या पाण्यातलं गवत

तेजश्री माने जतची. सांगली जिल्ह्याच्या त्या कोरड्या कोपऱ्यात पोहायचं कुठं? ते ती कतारला, दोह्यात आल्यावर शिकली. वेस्ट बेमधल्या एका कंपनीत ती कॉन्ट्रॅक्टवर सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची आणि अल मन्सूरात दोघींबरोबर फ्लॅट वाटून राहायची. ऑफिसातली हैदराबादची अनीसा एका शुक्रवारी तिला दोह्याजवळच्या वकऱ्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेली.

तिथं काही तरुण मुलंमुली कमरेएवढ्या पाण्यात वाकून गवत लावत होती. पूर्वी या उथळ पाण्याखाली गवताची दाट कुरणं होती, आता नुसते तुकडे उरले होते. सरकारी परवानगी काढून त्यांनी एक छोटा पट्टा मागून घेतला होता. चांगल्या कुरणातून मोजके कोंब आणायचे, तागाच्या जाळीला सुतानं बांधायचे आणि जाळी बांबूच्या खुंट्यांनी तळाशी रोवायची. सागरी जीवशास्त्र शिकणारा रहमान हे सगळ्यांना करून दाखवायचा.

तेजश्रीनं हे आईला सांगितलं. आई फोनवर हसायलाच लागली.

"समुद्रात गवत? आणि ते खातंय कोण गं?"

"कासवं खातात. डुगाँग म्हणून एक मोठा प्राणी आहे, तोही खातो. समुद्रातली गायच म्हण."

"म्हंजे जनावरांसाठीच हाय तर. मग लाव."

हिवाळाभर तेजश्रीनं एकही शुक्रवार चुकवला नाही. मार्चमध्ये कोंबांना बाजूनं नवी पाती फुटली. पात्यांत बारकी मासळी फिरताना दिसली तेव्हा ती तोंडातली श्वासाची नळी काढून पाण्यातच ओरडली, आणि खारं पाणी नाकातोंडात जाऊन खोकत बसली.

उन्हाळ्यात गटाचं काम बंद असायचं. बाहेर उभं राहवत नाही, पाण्यातही नाही. पण जुलैअखेरीस रहमानचा मेसेज आला: पाणी फार तापलंय, पाती तपकिरी पडताहेत. त्याच आठवड्यात तेजश्री आणि अनीसा पहाटे गेल्या; रहमान आधीच पाण्यात होता. पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट होतं. तेजश्रीनं एक पातं नुसतं बोटांत धरलं, तर ते तुटून हातात आलं.

"आपण काय करू शकतो?" तिनं हिंदीत विचारलं.

"समुद्र थंड करायचं यंत्र मिळतं का कुठं?" रहमान म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता, थकला होता.

तरी त्यांनी बागेसाठी मिळणारी हिरवी जाळी आणली, रिकाम्या डब्यांना बांधून पट्ट्यावर तरंगती सावली केली. तेजश्रीला दोन दिवस बरं वाटलं. मग उत्तरेचा शमाल वारा सुटला, आकाश धुळीनं पिवळं झालं. तेजश्री ऑफिसच्या काचेतून बघत राहिली. पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा दिसत नव्हत्या. वारा पडल्यावर तिघं गेली, तर हिरवी जाळी फाटून खुंट्यांना गुंडाळली गेली होती आणि तिच्या ओढीनं उरलेसुरले कोंबही उपटले गेले होते. त्यांनी जाळीचे तुकडे गोळा केले. निदान ते समुद्रात राहायला नकोत.

सप्टेंबरात पट्ट्यावर फक्त वाळू होती. शेजारचं जुनं कुरणही एका कडेनं विरळ झालं होतं.

त्याच महिन्यात मॅनेजरनं तिला आत बोलावलं. प्रोजेक्ट संपला होता, कॉन्ट्रॅक्ट वाढणार नव्हतं. तिनं दुसरीकडं अर्ज केले, उत्तरं आली नाहीत. विमानतळावर सोडायला आलेल्या अनीसाला ती म्हणाली, "मी असते तर पुढच्या खेपेला खोल पाण्यात लावलं असतं."

"खोल पाणीही तापलं तर?"

तेजश्रीनं ट्रॉली ढकलली.

आता ती पुण्यात नोकरी करते. अनीसानं आणि नव्या मुलांनी नोव्हेंबरात पुन्हा जाळ्या रोवल्या, किनाऱ्यापासून थोड्या लांब. अनीसा फोटो पाठवते, पाती हिरवीगार आहेत. तेजश्री ते आईला दाखवते. दोघी मैत्रिणी फोनवर खूप वेळ बोलतात, पण जुलै-ऑगस्टचा विषय कुणीच काढत नाही.