मामांचा टाँग टेस्टर

मामांचा टाँग टेस्टर मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा सातवीत होते. खेकड्याच्या नांगीसारखा उघडणारा जबडा आणि खाली आकडे दाखवणारी छोटी काच. वायर कुठेही न कापता नुसती त्या जबड्यात धरली, की तिच्यातून किती करंट जातो ते कळायचं. मामा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये वायरमन होते. तिथल्या मोटारींचं दुखणं ते या यंत्रावर ओळखत. ते आमच्या नात्यातले नव्हते. त्यांचं घर आमच्या घरासमोर आणि आई त्यांना राखी बांधायची, एवढंच.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. दहावीनंतर इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा फॉर्म मामांनीच आणला. माझ्यासोबत एसटीने भंडाऱ्याला आले, दिवसभर रांगेत उभे राहिले. "पोरीच्या जातीले वायरी कायले?" असं शेजारच्या काकाजींनी विचारलं, तर मामा म्हणाले, "काहून? करंट काय पोरगा-पोरगी पाहून झटका देते?" पुढे मी डिग्री घेतली, नागपूरला नोकरी लागली. मामा तोवर मिलमधून निवृत्त होऊन गावातली घरगुती कामं करू लागले होते. मी सुट्टीत आले की भेटेल त्याला सांगत, "आपली बाई इंजिनिअर झाली. आता मले काही अडलं तं मी तिले विचारतो."

पगारातून मी पहिली मोठी गोष्ट केली ती म्हणजे आमच्या स्लॅबवर सहा सोलार पॅनल बसवले. काकाजींकडे तेवढेच आधीपासून होते. त्या नोव्हेंबरात गावात धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालली होती, मशीनचा भुसा उडून सगळ्या छतांवर बसत होता. बाबांचा एक दिवस फोन आला. काकाजींकडे आपल्यापेक्षा जास्त युनिट बनत होते आणि ते बाबांना सहन होत नव्हतं. मी म्हटलं, मामांना वर न्या, करंट मोजून घेऊ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या जिन्यात होते, मीटिंगला उशीर झाला होता. स्लॅबवर बाबांनी फोन स्पीकरवर धरला होता, कारण मामांचे दोन्ही हात कामात होते.

"बाई, कोणत्या वायरले लावू?"

"पॅनलकडून लाल वायर येते ना मामा, ती एकटीच धरा. दोन्ही सोबत धरू नका."

"एकटीच धरली. शून्य दाखवते."

"नीट बघा."

"नीटच पाहून राहिलो. शून्य म्हणजे शून्य."

"मग जोडात पाणी गेलं असेल. करंटच नाही, तर खोलून बघा."

"खोलू?"

"खोला मामा, मला मीटिंग आहे."

"तू म्हनते बाई, म्हणजे झालं."

त्यानंतर फोनमधून वेल्डिंगच्या दुकानात येतो तसा चर्र आवाज आला, आणि मग बाबांची हाक.

मिलमधला करंट सारखी दिशा बदलत वाहतो. मामांचा जुना टेस्टर फक्त तसाच करंट ओळखायचा. पॅनलचा करंट एकाच दिशेने जातो, त्याच्यापुढे तो टेस्टर आंधळा होता. त्या वायरीतून आठ-नऊ अँपिअर वाहत होते आणि काच शून्य दाखवत होती. मिलमध्ये चालू वायर ओढली तर ठिणगी उडून लगेच विझते, कारण तो करंट स्वतःच क्षणोक्षणी शून्यावर येतो. एका दिशेचा करंट तसा येत नाही. सहा पॅनलचे मिळून दोनशेच्या वर व्होल्ट होते. जोड ओढला तशी ठिणगी तुटली नाही, ताणत गेली, आणि तिच्या दोन्ही टोकांना मामांची बोटं होती.

हे सगळं मला माहीत होतं. यावर मी पेपर लिहून पास झाले होते. तो टेस्टरही मला सातवीपासून माहीत होता. "मामा, टेस्टर कोणता घेतला?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? माझ्या हातातल्या फोनमध्येच इन्व्हर्टरचं अॅप होतं. ते मी संध्याकाळी उघडलं. दुपारी त्या वेळेपर्यंत वीज बनत असल्याची रेघ होती आणि मग ती खाली पडली होती. चालू असताना हा जोड उघडू नये, असं त्या जोडावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं. मामांना इंग्रजी येत नाही. मला येतं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा पट्टी बांधून झाली होती. काकाजीच त्यांना आपल्या गाडीत घेऊन आले होते. ते म्हणाले, "अरे, चालू लाइन खोलाले सांगतलं कोन तुले?"

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोन सांगन? माह्या मनानंच खोलली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. मी मामींना पाण्याची बाटली दिली. खरं सांगायला तेवढाच क्षण होता आणि तो मी बाटली देण्यात घालवला.

डावा हात बरा झाला, पण उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पूर्ण वाकेनात. मामी म्हणायच्या, "चाळीस वर्षं मिलनं नाही खाल्ला हात, तो घरच्या उन्हानं खाल्ला." मामा हसायचे. पण गावाने त्यांना बोलावणं बंद केलं. हात जमत नाही म्हणून नव्हे, ते डाव्या हाताने बरंच करायचे. म्हातारबुवाला आता समजत नाही, असं लोक म्हणू लागले, म्हणून. महिन्याभरात मी एका दिशेचा करंटही मोजणारा नवा टेस्टर विकत घेतला. तो नागपूरच्या खोलीत कपाटातच राहिला. मामांना द्यायचा तर का देते ते सांगावं लागलं असतं.

उन्हाळी धानाच्या चुरणीत मी गावी आले, तेव्हा तो बॅगेत टाकला. सकाळी काकाजींनी त्यांच्या स्लॅबवरून हाक मारली. "बाई, आमच्याही पॅनलचं पाहून दे. तुह्या मामाले नोको सांगू, त्याच्या डोक्यात सोलार नाही बसत."

मी बॅगेतला नवा टेस्टर घेऊन त्यांचा जिना चढून वर गेले आणि म्हणाले, "काकाजी, त्या दिवशी खोलायला मी सांगितलं होतं. फोनवर. चूक माझी होती, मामांची नव्हती."

काकाजींनी विचारलं, "मंग तो काहून म्हने, माह्या मनानं खोलली?"

खाली आमच्या अंगणातून बाबा म्हणाले, "खरं सांगून राहिली ते. फोन माह्याच हातात होता."

काकाजींनी कठड्यावरून समोरच्या घराकडे पाहिलं आणि ओरडले, "अरे वायरमन! ये वर! काम हाय."

मामा आले. मी म्हटलं, "मामा, मी काकाजींना सांगितलं."

"ऐकू आलं. अर्ध्या गावाले ऐकू आलं," ते म्हणाले आणि डावा हात पुढे केला. "इकडे आन तो टेस्टर."

मी दाखवलं: आधी खटका एका दिशेच्या करंटवर, मग जबडा रिकामा ठेवून आकडा शून्य करून घ्यायचा, मग एकच वायर आत. मामांनी तसं केलं. काचेवर सात पॉइंट नऊ आलं. काकाजी वाकून बघत होते.

"अन् शून्य आलं असतं तं?" मामांनी विचारलं.

"तरी खोलायचं नाही. आधी इन्व्हर्टर बंद, मग पॅनलकडचा डीसी स्विच बंद, मग पुन्हा मोजायचं. शंका राहिली तर खोलायचंच नाही."

मामांनी टेस्टर वायरीवरून काढला. तो खिशात टाकायला त्यांनी सवयीने उजव्या हातात घेतला, बोटं वळली नाहीत, पुन्हा डाव्यात घेतला.

"हेच तवा सांगतलं असतं तं, बाई," ते म्हणाले, आणि पुढच्या वायरीकडे गेले.